काळ्या पात्याची पैज

पैज लागली ती माझ्या आगाऊपणामुळे. मी पाट्या रंगवतो, त्यामुळे ब्रश कायम हातात. समोरच्या सलूनवाल्या नानांना सकाळी उशिरा उठायची सवय. मग दुसरं काय होणार? मी त्यांच्या काचेवर झकास रंगवलं, ‘आज टक्कल करून मिळेल, फुकट!’ नाना आले तेव्हा दारात गिऱ्हाइकं उभी. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तर आधीच चंद्र उगवलेला.

“पेंटर, तुला एक दिवस या खुर्चीत बांधून भादरणार आहे मी!” नाना रस्त्यावरूनच ओरडले.

“बांधा की. पण मिशीला हात लावायचा नाही.”

“तुला मिशी आहे कुठे?”

खरंय. मिशी होती ती नानांना. दोन्ही टोकं वर, मेण लावून पीळ दिलेली. कुणी नुसतं बोट दाखवलं तरी मागे सरकायचे.

तेवढ्यात शेजारच्या गादीवाल्या काकांची मुलगी आली, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन. सगळी गल्ली तिला ठिणगी म्हणते. लहानपणी ती फार भडकायची म्हणून. आता ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोटिंगचं काम करते. कात्र्या, पकडी, गेटच्या कड्या, काय म्हणाल त्याच्यावर पातळ थर फवारायचा आणि भट्टीत भाजायचा. गंज लागत नाही, रंग निघत नाही. काम चोख, पण गिऱ्हाइकांचा पत्ता नाही. शेडच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर महिनाअखेर कुलूप. मग ठिणगीला परत पाइपच्या कारखान्यात, त्या खेकसणाऱ्या सुपरवायझरसमोर.

तिने कापड उलगडलं. आत नागडं पातं. लांब, किंचित वळलेलं. जपानी पद्धतीची तलवार, मूठ अजून बसवायची होती.

“नाटकांना सामान पुरवतात ना, त्या बाईंनी दिलीय,” ठिणगी म्हणाली. “त्या तलवारबाजीचा क्लासही घेतात. त्यांना शोभेची पण हवी आणि कापणारी पण. स्टेजच्या दिव्यात चमकायला नको, म्हणून पातं काळं करायचं. रविवारी येऊन स्वतः कापून बघणार. पास झाली तर सगळ्या तलवारी माझ्याकडे.”

“काळं म्हणजे रंगच ना?” नानांनी नाक मुरडलं. “दोन घाव घातले की पापुद्रे निघतील. धारेच्या वस्तूला तेल लागतं, रंग नाही. इतकी वर्षं वस्तरा चालवतोय, मला शिकवू नका.”

“नाही निघणार,” मी म्हणालो. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ठिणगीचं तोंड उतरलेलं दिसलं आणि माझी जीभ सुटली. “लावता पैज?”

“लावली! कापून झाल्यावर रंग उडालेला दिसला, तर तू तोंडाला काळं फासून दिवसभर माझ्या दारात उभं राहायचं. गळ्यात पाटी, ‘मी शहाणा’.”

“आणि नाही उडाला तर तुमची मिशी. रस्त्यात खुर्ची टाकून. वस्तरा माझ्या हातात.”

नानांचा हात आपसूक मिशीकडे गेला. पण चहाच्या टपरीवरची सगळी मंडळी ऐकत होती. आता माघार घेणार कसे?

त्या आठवड्यात आमची गल्ली कामाला लागली. ठिणगीने पातं वाळूच्या फवाऱ्याने घासून खरखरीत केलं. काकांनी मुठीला गुंडाळायला सोफ्याची लाल गोंडेदार दोरी काढली. गोंडे कापले, आणि चौकटी चौकटी पडतील अशी वीण घालायचा सराव लाटण्यावर सुरू केला. काकू पोळ्या कशावर लाटाव्यात म्हणून ओरडत होत्या. मी बाईंनीच दिलेल्या साध्या लाकडी म्यानावर सोनेरी लाटा रंगवल्या. एका लाटेत बारीक नानांचं तोंड काढलं, मिशीसकट. नाना येता-जाता डोकावायचे. “काय चाललंय येड्यांचं?” म्हणायचे आणि बराच वेळ रेंगाळायचे.

मग ठिणगीने पातं औषधाने धुऊन, तारेला टांगलं आणि सगळ्यांना बजावलं, “आता याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. बाबा, तुम्हीसुद्धा. बोटाला तेलकटपणा असतो, तिथे थर धरत नाही.” एवढं बोलून ती भट्टी तापवायला मागे गेली. पुढे तिने फवारणी केली, भाजलं. पातं असं काळंभोर निघालं, की मी माझ्या काळ्या रंगाच्या डब्यावर झाकण लावून टाकलं. उगाच लाज कशाला काढून घ्या!

रविवारी बाई आल्या. उंच, केस आखूड, हसायची सवय कमी. त्यांनी बरोबर चटयांच्या सुरळ्या आणल्या होत्या, पाण्यात भिजवलेल्या. शेडपुढच्या मोकळ्या जागेत त्या सुरळ्या खुंट्यांवर उभ्या केल्या, आम्हा सगळ्यांना लांब पिटाळलं आणि तलवार उपसली.

सप्प! वरचा तुकडा क्षणभर जागेवरच राहिला, मग घसरून पडला. पुन्हा सप्प. पुन्हा. चटईची ओली धूळ, वाळूचे कण, सगळं पात्याला घासून जात होतं. काका माझा दंड असा दाबत होते, की तो कापला जाण्याची वेळ आली होती.

बाईंनी पातं पुसलं, उन्हात धरलं. टोकापासून सुरुवात केली. काळं, काळं, काळं. मी नानांच्या मिशीकडे बघून वस्तरा धरल्याची ॲक्टिंग करायला लागलो. आणि बाईंचं बोट मुठीजवळ थांबलं.

“हे काय?”

तिथला थर निघाला होता. नाण्याएवढी जागा, आतून पोलाद दिसत होतं.

माझी ॲक्टिंग हवेतच राहिली. ठिणगीने पातं जवळ नेऊन पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. “इथे कुणाचं तरी बोट लागलंय,” ती हळू म्हणाली. “फवारायच्या आधी.”

“प्रत्येक जण असंच म्हणतो,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण त्यांनी म्यान मागायला हात पुढे केला. “स्टेजवर पापुद्रा उडून कुणाच्या डोळ्यात गेला तर मी काय सांगू? कुणाचं तरी बोट लागलं होतं?”

काकांनी म्यान उचललं. द्यायला त्यांचा हात उठेना.

मी नानांकडे पाहिलं. पैज ते जिंकले होते. उड्या मारायला हव्या होत्या त्यांनी. पण ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत उभे होते.

“नाना?” मी म्हणालो.

“गप रे!” मग ते पुढे झाले. घसा खाकरला. “बाई, तो अंगठा माझा आहे.”

त्यांनी अंगठा वर करून दाखवला.

“पातं टांगलेलं होतं. पोरगी मागे गेली होती. गादीवाल्याने मूठ केली, या माकडाने म्यान रंगवलं, मी एकटाच आपला... म्हटलं, धार सरळ आहे का एवढं तरी बघावं. चिमटीत धरून डोळा लावून बघितली. कुठलंही पातं दिसलं की बघतोच मी. आणि माझा हात म्हणजे, दिवसभर लोकांच्या डोक्याला तेल चोळतो हो मी!”

“नाना, मी सांगितलं होतं ना!” ठिणगी भडकली. लहानपणीसारखीच. “‘कुणीसुद्धा नाही’ म्हणाले होते मी!”

“मी दारातून ऐकलं होतं. पण म्हटलं, ते घरच्यांना असेल.”

काका म्हणाले, “मग तुम्ही कोण बाहेरचे आहात का?”

नानांनी अंगठा मुठीत लपवला.

बाईंनी पातं परत वर धरलं. खिशातून किल्ली काढली आणि बाकीच्या पात्यावर कचकन ओढली. एकदा, दोनदा, जोर लावून. नखाएवढा ओरखडा नाही. मग त्यांनी निघालेल्या जागेची कड खरवडून पाहिली. कडेपुढे थर हलायला तयार नव्हता.

“हे काढून पुन्हा करता येईल?”

“पूर्ण उतरवावं लागेल,” ठिणगी म्हणाली. “करेन. आणि शेडला आतून कडी लावेन.”

“करा. बुधवारी मी परत कापून बघेन. टिकली तर आधी तीन तलवारी देते. मग पुढचं बघू.” बाई नानांकडे वळल्या. “तुम्ही बुधवारी लांब उभे राहा.”

बुधवारी नाना रस्त्याच्या पलीकडून बघत होते, हात खिशात घालून. बाईंनी सगळ्या सुरळ्या कापल्या, पातं पुसलं, किल्ली ओढली, मुठीजवळ तर जास्तच. मग पहिल्यांदाच हसल्या आणि गाडीतून तीन पाती काढून ठिणगीच्या हातात ठेवली. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काकांना विचारलं, “आता माझं लाटणं मिळेल का?”

मी नानांना म्हणालो, “रविवारी रंग उडाला तर होता. म्हणजे शब्दाला धरलं तर मीच हरलो. पैज सोडून देऊ.” खरं सांगतो, मनापासून म्हणालो. क्वचित होतं असं.

“सोडून कशी देऊ? रंग उडाला नव्हता, मी उडवला होता.” नाना सलूनमध्ये गेले, खुर्ची ओढत बाहेर आणली, थेट रस्त्याच्या मधोमध. टपरी रिकामी झाली. माणसं, मागे रिक्षा, खिडक्यांतून डोकी. नानांनी स्वतःच गळ्याला कापड बांधलं, स्वतःच फेस लावला आणि वस्तरा माझ्या हातात दिला.

“ब्रश नाहीये तो, लक्षात ठेव.”

लोक हसत होते, ठिणगी सगळ्यात मोठ्याने. डावी बाजू उतरली. नानांनी तिथे बोटं फिरवून पाहिली, एक मोठा श्वास घेतला आणि मागे वळून रिक्षावाल्याला म्हणाले, “हॉर्न कशाला वाजवतोस? अजून उजवी बाकी आहे.”