लूशसचा डावा हात

क्लेमंट डोझियरला लूशस मॅडॉक्सचं सगळं पाठ होतं. त्याच्या रॅग, म्हणजे पियानोवरच्या ठेकेबाज रचना, त्यांच्या तारखा, कुठल्या रॅगचं मुखपृष्ठ कुठल्या रंगात छापलं होतं, सगळं. स्वतःच्या बायकोचा वाढदिवस तो दोनदा विसरला होता, पण हे नाही. जळणारा माणूस फार मन लावून अभ्यास करतो.

दोघं सेडेलिया गावातले. चर्चमागच्या एकाच खोलीत, एकाच बाईंकडे पियानो शिकलेले. बाईंची पट्टी दोघांच्या बोटांवर सारखीच पडायची, पण कौतुक लूशसच्या वाट्याला जास्त यायचं, असं क्लेमंटचं पंचेचाळिशी उलटल्यावरही ठाम मत होतं.

सतरा वर्षांपूर्वी गावातल्या क्लबात दोघांची जुंपली होती. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं त्यावर कडी करायची. त्या संध्याकाळी क्लेमंटची बोटं अशी धावली की पेले पुसणारा माणूस फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. टाळ्या क्लेमंटला पडल्या, जिंकणारा म्हणून खांद्यावर त्यालाच घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढीला गेला, तर न्हावी वस्तऱ्याला धार लावत शीळ घालत होता. आदल्या संध्याकाळी लूशसनं वाजवलेल्या ‘टर्टल लँडिंग’ या रॅगची. बाहेरून गेलेला कोळसेवालाही तीच घालत होता. क्लेमंट अर्ध्या दाढीनंच उठणार होता, पण तसं बाहेर पडता येत नाही म्हणून बसून राहिला.

पुढं ‘टर्टल लँडिंग’ देशभर गेली. क्लेमंटच्याही तीन रॅग होत्या. एक छापून आली आणि दुकानाच्या मागच्या फळीवर पडून राहिली.

आता तो सेंट लुइसमध्ये, आपोआप वाजणाऱ्या पियानोंत घालायचे कागदी रोल बनवणाऱ्या कारखान्यात होता. वादक खास पियानोवर वाजवायचा, खाली सरकणाऱ्या कागदावर प्रत्येक सुराची रेघ उमटायची, आणि मग तो कागद क्लेमंटच्या टेबलावर यायचा. चुकीची रेघ खरवडायची, बरोबर जागी नवी ओढायची, मगच त्यावरून भोकं पाडायला द्यायचं, हे त्याचं काम. धड वाजवता न येणाऱ्या कितीतरी जणांना त्यानं त्या टेबलावर उस्ताद करून सोडलं होतं. स्वतःच्या रॅगचा रोल केला तेव्हा तर त्यानं तीन आठवडे घालवले. इतका स्वच्छ रोल कारखान्यात दुसरा नव्हता.

त्या हिवाळ्यात लूशस रोल करायला आला. आजारानं पोखरलेला, कोट अंगाला मोठा झालेला. बायको आर्डेलानं दंडाला धरून त्याला स्टुलावर बसवलं. हात कापत होते. क्लेमंट काचेपलीकडून बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटण्याआधी बरं वाटलं.

निघताना लूशस त्याच्यापाशी थांबला. “टेबलावर तूच बसतोस ना, क्लेम?”

“मीच.”

“मग ठीक आहे,” लूशस म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

कागद टेबलावर आला. क्लेमंटनं चुका मोजल्या. तेवीस. सगळ्यात वाईट तिसऱ्या भागात. तिथं डाव्या हाताला खालच्या सुरावरून वर उडी मारायची असते. लूशसचा हात उशिरा पोचला होता आणि एक अख्खा ठोका रिकामा गेला होता. क्लेमंटनं खरवडणी हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि परत ठेवून दिली.

कारखान्याचे मालक मिस्टर ओटेन यांनी विचारलं, हे नीट का केलं नाही. क्लेमंट शांतपणे म्हणाला, “डब्यावर तुम्ही ‘रचनाकाराच्या स्वतःच्या हातचा’ असं छापणार. हात त्याचा, तर चुकाही त्याच्याच राहू देत, साहेब. नाहीतर गिऱ्हाइकाची फसवणूक होईल.” ओटेनना हा प्रामाणिकपणा फार भावला. आपल्या तोंडून इतकं सात्त्विक वाक्य कसं आलं, याचं क्लेमंटलाही नवल वाटलं.

मार्चमध्ये लूशस गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात डुकराचं मांस आणि रताळ्याचं गोड पक्वान्न खाताना जो तो त्याच्या बोटांची थोरवी गात होता. क्लेमंटही मान डोलावत होता. मनात म्हणत होता, थांबा, उन्हाळ्यात रोल येऊ दे, मग कळेल तुमच्या देवाची बोटं कशी चालत होती.

रोल आला. आणि जुलैमधल्या एका दुपारी आर्डेला कारखान्यात आली. तिच्या घरी असला पियानो नव्हता, आणि तिला एकदा ऐकायचं होतं. ओटेन बाहेर गेले होते, त्यामुळं रोल क्लेमंटलाच लावावा लागला.

पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागल्या. आर्डेला हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. पहिला भाग गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात ती जागा आली, ठोका रिकामा गेला, आणि आर्डेला हसली. डोळे भरलेले होते, पण हसली.

“रोज सकाळी वाजवताना इथंच अडखळायचा,” ती म्हणाली. “मी आत मक्याच्या पावाचं पीठ कालवत असायची. इथं आलं की माझा चमचा थांबायचा. तो सावरला की मग पुढं ढवळायची.”

रोल संपल्यावर क्लेमंट म्हणाला, “आर्डेला, मी ते तसंच ठेवलं, कारण...”

“चांगल्या मनानं नाही ठेवलंस, ठाऊक आहे मला.” ती रागानं बोलत नव्हती. “तुझं पोट दुखतं हे मी सेडेलियापासून बघतेय. त्यालाही ठाऊक होतं. शिकागोच्या रोल कंपनीचं मानानं बोलावणं आलं होतं त्याला, पण गेला नाही. म्हणाला, तिथली माणसं माझ्यावर प्रेम करतात, ती मला नीट करून टाकतील. क्लेम माझ्यावर जळतो. तो माझी एकही चूक झाकणार नाही.”

तिनं पिशवीतून पीचच्या मुरंब्याची बरणी काढून टेबलावर ठेवली, त्याचे आभार मानले आणि गेली.

आयुष्यात एक वाईट काम क्लेमंटनं मनापासून केलं होतं, आणि तेही लूशसनं त्याच्याकडून करून घेतलं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बसवेना, म्हणून तो उठून मागच्या खोलीत गेला.

तिथं व्हर्बीना नावाची, त्याच्याच चर्चमधली बाई रोल डब्यांत भरत होती. हात चालू होते आणि तोंडानं शीळ. ‘टर्टल लँडिंग’चा तिसरा भाग. त्या जागी येऊन ती थांबली, एक ठोका जाऊ दिला, आणि मग पुढं गेली.

“तिथं थांबायचं नसतं,” क्लेमंट म्हणाला. “ती चूक आहे.”

“असेल. पण न थांबता गोड नाही लागत हो, ब्रदर डोझियर.”

तो दारात रेंगाळला. मग, विचारायचं नाही असं ठरवूनही, त्यानं विचारलं, “माझा रोल ऐकलायस कधी?”

“ऐकलाय की. छान आहे,” व्हर्बीना म्हणाली. “एकही चूक नाही त्यात.” आणि तिनं पुढचा डबा उचलला, आणि शीळ पुन्हा तिथूनच सुरू केली.