पवनचक्कीच्या नाकात

वहिनी आणि भावोजी यांच्यात गेल्या आठवड्यापासून अबोला होता. एकाच घरात राहायचं, एकाच गाडीतून कामावर जायचं, एकाच पवनचक्कीवर चढायचं आणि तोंडं मात्र दोन दिशांना. आता राग यायला वहिनीला कारणही होतं. नवरा दूरच्या शहरात नोकरीला, आणि तिथल्याच नियंत्रण कक्षात तिला बदली मिळत होती. दिवसभर खुर्चीत बसून पडद्यावर चक्क्या बघायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या घरी परतायचं, एवढंच तिला हवं होतं. पण या धाकट्या दिराने सासूबाईंपुढे जाहीर केलं, "वहिनी गेल्या तर मीही टॉवरचं काम सोडतो." झालं! सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. नवरा फोनवर म्हणाला, "आईचं मन नको मोडूस." सगळेच इतके प्रेमळ, की भांडायचं तरी कुणाशी?

त्या दिवशी पात्यांच्या मुळाशी वंगण घालायचं होतं. तिन्ही पाती जिथे एकत्र येतात त्या पोकळ गोळ्याला सगळे 'नाक' म्हणायचे. या जुन्या चक्कीत जनित्राच्या खोलीतून नाकात जायला आतून वाट नव्हती. छतावर निघायचं, पट्टा अडकवायचा आणि पुढे जाऊन झाकणातून आत उतरायचं. त्याआधी खोलीत एक जाड लोखंडी पिन सरकवून पाती जखडायची. एकाने दांडा फिरवून पिन सारायची, दुसऱ्याने वाकून बघायचं आणि 'बसली' म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय फिरवणाऱ्याने हात काढायचा नाही, असा नियम.

वहिनीने दांडा फिरवला आणि शब्दाची वाट बघत थांबली. भावोजी ढिम्म. ती थांबली म्हणजे पिन बसलीच, असं समजून त्याने पाठ फिरवली. 'नका बोलू, तुमचं तोंड तुम्हाला लखलाभ,' असं मनात म्हणून तिने वंगणाची बादली उचलली.

दुपारी दोघं नाकात वंगण घालत असताना वारा पिसाळला. नाकाचं झाकण उघडून बघायचीही सोय राहिली नाही. खाली फक्त गाडीवाला होता, आणि त्याला दोन जिने चढले की भोवळ यायची. रेडिओवर तो एकच पालुपद घोळवत होता, "वारा उतरेपर्यंत हलू नका!" हलायला जागा होती कुठे? गुडघ्याला गुडघा लागत होता, वंगणाच्या वासाने डोकं धरलं होतं. मधेच अख्खं नाक किंचित सरकायचं आणि 'टक' असा आवाज यायचा.

त्या आवाजासरशी वहिनीला सकाळ आठवली आणि तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला. ब्रेक होता, पण त्याच्या भरवशावर या वाऱ्यात कुणी नाकात बसत नाही. पिन निसटली तर पाती फिरणार, आणि त्यांच्याबरोबर हे दोघेही.

"वहिनी, घाबरू नका," आठवडाभराने भावोजीने तोंड उघडलं. "पिन तुम्ही लावली आहे. म्हणून तर तुम्हाला जाऊ देत नव्हतो. दुसऱ्या कुणाच्या हातच्या पिनेवर मी इथे पाय ठेवणार नाही. स्वार्थीपणा आहे माझा, कळतंय मला."

कधी नव्हे ते गोड बोलला, आणि तेही नेमकं आत्ता! वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसणं सोपं होतं. पण त्याने पट्टाही सोडून ठेवला होता.

"भावोजी, पट्टा अडकवा. पिन पुरती बसली की नाही, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही 'बसली' म्हणाला नाहीत. मी रागाच्या भरात तशीच निघाले."

"मग विचारायचं ना!"

"आपण बोलत कुठे होतो?"

त्याने हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. त्याने पट्टा कडीत अडकवला. त्यानंतर दर 'टक'ला दोघांचे श्वास अडकत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

ऊन कलल्यावर वारा पडला. आधी वहिनी छतावरून खोलीत पोचली. पिनेचं नुसतं टोक भोकात शिरलं होतं, बोटभरही नाही. मागून येऊन भावोजीने ते पाहिलं. खाली उतरेपर्यंत आणि घरी पोचेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

जेवताना सासूबाईंनी बदलीचा विषय काढला मात्र, त्याने ताटातून मान वर न करता सांगितलं, "आई, जाऊ दे त्यांना. मी दुसरा जोडीदार मागून घेतो."

सासूबाई बघतच राहिल्या.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा भावोजी तयार झाल्याचं तिने कसंबसं सांगितलं. तो तिकडे आनंदाने ओरडलाच, "अगं, कमाल केलीस! पटवलंस तरी कसं त्याला?"

वहिनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिला रडू फुटलं.