मिस्त्रींची वीत

मिस्त्री टेपला माप म्हणायचेच नाहीत. ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, त्याने टेप बाळगावा, असं त्यांचं मत होतं. आणि मिस्त्रींचं मत म्हणजे गंजलेला बोल्ट, एकदा बसला की फिरायचं नाव नको.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बोटींना मोटरी बसवल्या. बोटीच्या ज्या मागच्या फळीवर मोटर अडकवतात, तिच्या वरच्या काठावर उजव्या हाताची वीत ठेवायची, खाली बुडापर्यंत मोजत यायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत नऊ इंच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. धक्क्यावर यावर पैजा लागत. हरणारा दर वेळी नवखा असायचा, कारण जुन्यांना एकदा हरून अक्कल आलेली असायची.

या कामात सगळा खेळ त्या आकड्याचा असतो. फळी पंधरा-सोळा इंचांची असली तर आखूड शाफ्टची, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारा दांडा आखूड असलेली मोटर लागते, विसाच्या आसपास असली तर लांब शाफ्टची. आखूडच्या जागी लांब बसवली की पंखा नको तितका खोल जातो, आणि बोट रुसलेल्या बैलासारखी चालते.

मिस्त्रींनी वर्कशॉप मुलाच्या हाती दिलं त्याला सहा वर्षं झाली. मुलगा हुशार, तोंडाने कमी, हाताने जास्त. त्याच्या कंबरेला कायम टेप लटकलेला असे, आणि मिस्त्री त्यावरून त्याला टोचत असत. पण बोट आली की मुलगा गिऱ्हाइकासमोर हाक मारायचा, "बाबा, जरा माप बघता का?" मग मिस्त्री स्टुलावरून उठायचे, घाई न करता, बघणाऱ्याला बघू देत. सकाळी बोटं धरून यायची, ऊन पाण्यात बुडवल्याशिवाय शर्टाची बटणं लागायची नाहीत. तरी अंघोळ करून आठाच्या आत ते वर्कशॉपात हजर असायचे. त्या एका हाकेवर माणूस जगत होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

जन्मभर दुसऱ्यांच्या बोटी पळवल्या, स्वतःची एक नाही, हे मात्र त्यांना खुपायचं. शेवटी एका निवृत्त मास्तरांची चौदा फुटी फायबरची बोट त्यांना मिळाली. मोटर कधीच मेलेली, अंगावर शेवाळ, पण बुड शाबूत होतं. मिस्त्रींनी लाकडी हातोडीने मागची फळी ठोकून पाहिली. आत ओल गेली असती तर आवाज बद्द आला असता, पण तो आला खणखणीत. मग त्यांनी वीत ठेवली. दोन विती आणि दोन बोटं. म्हणजे साडेएकोणीस, म्हणजे लांब शाफ्ट.

डोळ्यांना फळी जरा ठेंगणी वाटली होती, नाही असं नाही. पण डोळे काय, वयाबरोबर फसवायला लागतात. हात फसवत नाही.

मोटर घ्यायला ते एकटेच गेले. मुलाला सांगितलं असतं तर तो दहा कागद काढून बसला असता. दुकानदाराने आधी त्यांना पंचवीस हॉर्सपॉवरची दाखवली. मिस्त्री म्हणाले, "चौदा फुटांच्या बोटीला पंचवीस? आम्हाला काय विमान उडवायचंय?" पंधराची ठरली. दुकानदाराने बटणाने सुरू होणारी पुढे केली, मिस्त्रींनी दोरी ओढायची मागितली. मग दुकानदाराने विचारलं, "शाफ्ट कोणता? माप टेपने घेतलंय ना?"

मिस्त्रींनी पंजा वर केला. "हा काय, समोर आहे की."

दुकानदाराने त्या हाताच्या कथा ऐकल्या होत्या. त्याने मुकाट लांब शाफ्ट लिहिला.

आठवड्याने, सुट्टीच्या दिवशी सकाळी, खोका वर्कशॉपात आला. मिस्त्रींची बायकोही आली होती, थर्मासमध्ये चहा आणि नाकावर चष्मा घेऊन. पहिल्या फेरीला ती पुढे बसणार होती. बोट ट्रेलरवर धुऊन पुसून उभी होती. बापलेकांनी साखळीच्या पुलीने मोटर उचलली, हळूहळू फळीवर उतरवली आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. दुखणाऱ्या बोटांनी शेवटचा आटा मिस्त्रींनीच दिला. मग ते कौतुकाने मागे सरले, वाकले आणि तसेच राहिले.

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या बुडाच्या रेषेत यायला हवी. इथे ती बुडाच्या खाली चांगली चार बोटं लोंबत होती.

"चुकीची पाठवली," मिस्त्री म्हणाले. "दुकानदार हलगर्जी आहे. मी तेव्हाच ओळखलं होतं."

मुलाने खोक्यावरचा कागद बघितला. "लांबच सांगितली होती ना तुम्ही?"

"मग फळी दबली असेल. ट्रेलरवर बोट वाकडी बसलीय."

नाचता येईना अंगण वाकडं, हे मिस्त्रींनी आयुष्यात शंभर जणांना ऐकवलं होतं. मुलाने त्यांना ते ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, दोघं भांडले असते आणि दुपारपर्यंत मिटलं असतं. तो आतल्या खोलीत गेला आणि एक लाकडी ठोकळा घेऊन आला. जाड, पक्क्या लाकडाचा, फळीच्या रुंदीचा. बोल्टांची भोकं पाडलेली, कडा घासलेल्या, वर पॉलिशचे दोन हात.

"हा फळीवर बसवू. मोटर साडेतीन इंच वर येईल. काम होऊन जाईल."

मिस्त्रींनी ठोकळा हातात घेतला. पॉलिश खडखडीत वाळलं होतं.

"हा कधी केलास?"

"झाले चार दिवस."

"मोटर आज आली."

थर्मासचं झाकण लावता लावता आई थांबली.

"मोटर आज आली," मिस्त्री पुन्हा म्हणाले. "खोका माझ्यासमोर फुटला. ती वर उचलावी लागणार, हे तुला चार दिवस आधी कसं कळलं?"

"मी मोजली होती फळी," मुलगा म्हणाला. "साडेसोळा आहे. दुकानातून बिलाची कॉपी आली, त्यावर लांब शाफ्ट दिसला."

"मग बोलला का नाहीस? बदलून मिळाली असती."

"मिळाली असती."

मिस्त्रींच्या डोक्यात हिशोब जुळायला वेळ लागला नाही, ते कामात कधीच मंद नव्हते. दोन विती, दोन बोटं. बोटं खोटं बोलत नसतील तर वीतच खोटं बोलत होती.

"आणि गिऱ्हाइकांच्या? त्या बोटी? मी सांगितलेली मापं?"

"बाबा, जाऊ द्या ना."

"किती?"

"तीन वर्षं झाली," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्ही जेवायला घरी गेलात की मी परत मोजतो."

तीन वर्षं. तीन वर्षं ते अंघोळ करून वेळेवर येत होते, ऐटीत वीत ठेवत होते, गिऱ्हाईक माना डोलवत होतं आणि त्यांची पाठ फिरली की पोरगा टेप काढत होता. लहान मुलाच्या हातात बंद पडलेला फोन द्यावा, तसं त्यांना काम दिलं होतं. चूक करून बोटी बिघडल्या असत्या, लोकांनी शिव्या घातल्या असत्या, तरी मिस्त्रींना इतकी लाज वाटली नसती. चुकलेल्या माणसाला निदान चुकलास म्हणतात.

"हाक कशाला मारत होतास मग?" त्यांचा आवाज चढला. "गंमत बघायला?"

"त्याला नका बोलू," बायको म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्याला. तुमची बोटं आखडायला लागली तेव्हाच. म्हटलं, हे गेलं तर माणूस घरात नुसता बसून संपेल. ठोकळ्याचंही मीच सांगितलं. तुम्हाला सांगण्यापेक्षा फळीवर एक ठोकळा चढलेला बरा."

म्हणजे घरातसुद्धा. रोज सकाळी ऊन पाण्याचं भांडं समोर ठेवणारीसुद्धा.

"टेप दे," ते मुलाला म्हणाले.

मुलाने कंबरेचा टेप काढून दिला. मिस्त्रींनी हातातला ठोकळा बाजूला ठेवला, टेप कामाच्या टेबलावर पसरला, शून्यावर अंगठा टेकवला आणि पंजा ताणला. अंगठ्याच्या मुळाशी कळ उठली, तरी ताणला. करंगळी थरथरत कुठेतरी जाऊन थांबली. तिच्याखालचे आकडे त्यांना पुसट दिसत होते. त्यांचा चष्मा घरी होता.

"वाच गं," ते म्हणाले.

ती जवळ आली. चष्मा वर सरकवून खाली वाकली आणि चांगलं निरखून बघितलं. मग तिने मुलाकडे एकदा पाहिलं.

"नऊ," ती म्हणाली.

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने नजर वळवली नाही. ही बाई उद्याही असंच सांगेल, परवाही सांगेल, आणि मरेपर्यंत आता आपल्याला खरं कुणी सांगणार नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

"बरं," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी मोटरीचे स्क्रू सैल करायला घेतले, आणि मुलाला ठोकळा आणायला सांगितलं.