दंताळ्याखालचे दोन काप

आल्प्समधल्या टूमा तळ्यातून ऱ्हाइन निघते, तिथे मेंगिया वन्सं फुरंगटून उभ्या होत्या. माझा नवरा ग्योन, म्हणजे त्यांचा दादा, घरच्या रिवाजाप्रमाणे दर उन्हाळ्यात इथे लाकडाच्या ढलप्या पाण्यात सोडायचा. ढलपीवर घराची खूण, दंताळं. त्याखाली थोरल्या मुलाचा एक काप, धाकट्याचे दोन. यंदा ग्योन या जगात नव्हता, म्हणून आम्ही दोघी आलो.

"मुलींना कुठला आलाय काप!" म्हणत वन्संनी आपली ढलपी कोरीच भिरकावली.

मग नदीबरोबर उतरत राहिलो. धुक्यात ती दिसायची नाही, नुसती बोलायची. गवताच्या कोठारात निजलो तरी उशाखालून वाहायची, आणि जाग आली की वाटे, रात्रभर आपणच वाहत आलोय.

"वहिनी, पाय उचला! ती काही तुमच्यासाठी थांबायची नाही," वन्सं पुढून ओरडत.

खाली दरीत पांढऱ्या गोट्यांच्या काठावर जुनी लाकडं अडकली होती. त्यांत वन्संना एक करडी पडलेली ढलपी सापडली. दंताळं आमचंच, पण काप दोन.

"हा दुसरा कोण? दादा तर एकुलता एक मुलगा."

मी ग्योनच्या सुरीची धाटणी ओळखली. "दुसऱ्या तुम्हीच की, वन्सं."

त्या बराच वेळ कापांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग बूट न काढताच पाण्यात शिरल्या आणि ढलपी धारेला लावली.

"पळ," त्या तिला म्हणाल्या, "दादाला गाठ."