मानाच्या गाडीचे डोळे

उकंडराव काकांच्या घराला पोळ्याचा पहिला मान आहे. वेशीत तोरण बांधलं की त्याखालून सगळ्यांत आधी काकांच्या दावणीचा बैल जातो, मग बाकीच्या गावाचे. यंदा मात्र पंचाईत झाली. काकांचा शेवटचा बैल कवड्या हिवाळ्यात म्हातारपणानं गेला आणि दावणीला उरली फक्त कार.

लाल, जपानी, दोनच माणसांची, १९९० सालची स्पोर्ट्स कार. काकांच्या थोरल्यानं, विजयकुमारदादानं, ती हौसेनं हैदराबादहून आणली, गोठ्यात कवड्याशेजारी लावली आणि स्वतः नोकरीला मस्कतला गेला. तिचे हेडलाइट एरवी बॉनेटमध्ये मिटलेले असतात. बटण दाबलं की झाकणं वर उचलतात आणि डोळे उघडतात. कैक वर्षं कवड्या आणि कार एकमेकांकडं बघत उभे होते. कवड्या रवंथ करायचा, कार ऑइल गाळायची. भांडण कधी झालं नाही.

मानाला विकतचा किंवा उसना बैल चालत नाही, घरच्या दावणीचाच लागतो. तो नसला तर मान शेजारच्या वसरामभाऊंकडं जाणार होता. त्यांची लाल कंधारी जोडी अशी देखणी, की ती रस्त्यानं निघाली की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करतो. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. रीतिरिवाज ज्यांच्या तोंडून ठरतात ते ग्यानोबा आबा मधोमध होते. काका उठून म्हणाले, "माझ्या दावणीला हाय की एक."

"कोन?"

"लाल हाय. दादानं आणल्यापासून गोठ्यातच हाय."

मला वाटलं, आता लोक हसतील. कुणी हसलं नाही. आबांनी डोळे मिटून विचार केला. "आवतण घेती का?" त्यांनी विचारलं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलानं मान हलवली, बघितलं, की आवतण पोचलं.

"बघती की," काका म्हणाले. "डोळे हायत तिला."

"दोनी डोळे उघडून बघितलं पायजे. एक उघडला आन् एक मिटलेला ऱ्हायला, तर त्याला डोळा मारणं म्हंतेत. गावात लेकीबाळी हायत."

अडचण नेमकी तिथंच होती. कारचा डावा डोळा अर्धा उघडायचा आणि उजवा अजिबात नाही. वर उजेड असा, की काडी पेटवून दिवा लागलाय का ते बघावं.

मी वसमतला जाऊन पल्लवीला घेऊन आलो. पल्लवी विहिरीतल्या पंपाच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देते. तालुक्यात आपल्यासारखं कुणी नाही, असं ती स्वतः सांगते, आणि आपण विचारेपर्यंत थांबत नाही. तिनं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच बोलायला लागली.

"काका, उजवी मोटार जळून खाक झाली. डावीचे दात झिजलेत."

"मंग नवीन बसव की, बाई."

"व्हय, जपानला जाऊन येते. चहाच्या आधी निघू का पिल्यावर?"

"तकलीफ नको घेऊ. इथंच काही जमत आसंल तर बघ."

"तेच बघून राहिले. ह्या डोळ्याला काय पायजे? एक दांडा, त्यो अर्धा फिरला की वर, पुरा फिरला की खाली. आसं काम करणारं दुसरं काय हाय?"

काका आणि मी कवड्याच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो.

"वायपर!" पल्लवी ओरडली. "काचेवरचा वायपर. भंगारातल्या दोन जीपा दाखवा, पण एकाच जातीच्या. जात येगळी निघाली तर एक डोळा आधी उठंल आन् दुसरा मागून. लोक म्हंतील, झोपेतून उठवली."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी बघितल्यात, त्यातल्या बऱ्याच मोबाइलवर. पण पल्लवीचं काम बघणं ही वेगळीच गोष्ट. ती जीपच्या वायपरची मोटार झाकणाला जोडणारी पट्टी वाकवायची, लावायची, काढायची, पुन्हा केसभर वाकवायची. फुटलेल्या जुन्या काचा काढून तिनं जीपचे गोल दिवे बसवले, आत पांढरे एलईडी. "हे बॅटरी खात न्हाईत," ती म्हणाली, "नुसती चाखतेत." झाकणाची कड बॉनेटशी अशी जुळवली, की नख फिरवलं तरी अडकेना. काका नख फिरवून फिरवून थकले.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दोन्ही डोळे झपकन उघडले. मग मिटले. मग उघडले. मग थांबेचनात. कार पापण्या फडफडवत राहिली आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली.

"वायपरला वाटून राहिलं पाऊस पडतोय," पल्लवी म्हणाली. जरासुद्धा लाजली नाही. एक वायर काढली, दुसरीकडं जोडली. "आता बघा."

आता डोळे एकाच वेळी, एका चालीनं उठले आणि वर जाऊन थांबले. समोरच्या भिंतीवर दोन चंद्र पडले. काकांनी डोक्याची टोपी काढली.

आदल्या सांजेला काकांच्या घरच्या जनका काकूनं पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला हळद-तूप चोळलं, कारण खांदा तोच असणार असं ठरलं. मग कान म्हणून ती बाजूच्या आरशाशी वाकून हळूच म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी आत बसून बटण दाबलं. डोळे उघडले. आबांनी बघितलं आणि मान हलवली. "घेतलं," ते म्हणाले.

पोळ्याच्या सकाळी कारला झूल घातली, आरशांना गोंडे बांधले. मी चावी फिरवणार तोच आबांची काठी दारावर आपटली.

"काय करून राहिला रे?"

"वेशीत न्यायचीय ना, आबा."

"आज बैलाला जुपत न्हाईत! आज ती काम करनार न्हाई. इंजिन बंद. आन् वर कोनी बसायचं न्हाई."

हे बराबर होतं. काकांनी पुढं कासरा बांधला आणि धरून चालू लागले. मागून आम्ही चार जण ढकलत होतो. शेजारून पल्लवी खिडकीत हात घालून बटण आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळत चालली होती, अन् वाटेत भेटेल त्याला सांगत होती, की हे कुणी केलं.

तोरणाच्या अलीकडं चिखल होता. चाकं रुतली. आम्ही ढकललं, कार हलली नाही. मागं गावाचे सगळे बैल खोळंबले, आणि सगळ्यांत पुढं वसरामभाऊ, त्यांच्या जोडीसह. लाउडस्पीकरवर बैलांच्या लग्नाची मंगलाष्टकं सुरू झाली होती. ती संपायच्या आत तोरण गाठलं नाही, तर मान पुढच्या दावणीला. म्हणजे वसरामभाऊंना काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

ते उभे राहिले. शेवटचं कडवं सुरू झालं. काका कासरा ओढत राहिले.

"पल्लवी," वसरामभाऊ अचानक म्हणाले, "ते डोळे उघडतेत म्हंतेत, खरं हाय का?"

"तोरणाखालीच उघडनार. आधी न्हाई."

वसरामभाऊंनी जोडीकडं बघितलं, तोरणाकडं बघितलं, लाउडस्पीकरकडं बघितलं. मग कासरा पोराच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि कारच्या मागं खांदा लावला. "हां, जोर लावा रे!" ते ओरडले. "मला बघायचंय."

कार चिखलातून सुटली. "सावधान" झालं, अक्षता पडल्या आणि बरोबर तोरणाखाली दोन्ही डोळे उघडले. आभाळ भरून आलेलं होतं, त्यात तो पांढरा उजेड थेट मारुतीच्या पायांपर्यंत गेला. सगळी वेस माना उंचावून बघू लागली. बैलसुद्धा बघत होते. काका कासरा धरून उजेडात उभे होते, आणि ते रडत होते की डोळे दिपले होते हे मी विचारलं नाही.

चिखलानं माखलेले वसरामभाऊ पल्लवीजवळ आले. कारच्या डोळ्यांकडं बघून हळूच म्हणाले, "ताई, माझ्या जोडीला बसतील का गं?"

पल्लवीनं त्यांच्या बैलांकडं बघितलं. जवळ जाऊन उजव्याच्या कपाळावर बोटांनी माप घेतलं.

"ह्याला बसतील," ती म्हणाली. "डाव्याला बॅटरी ठेवायला जागा न्हाई."