काळोख्या पेशींचं गुपित

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आता माझा स्क्रू फिरताना कुरकुरतो, भिंगाच्या कडेला बुरशी धरली आहे. पण एकेकाळी विषाणूंच्या प्रयोगशाळेत मला दिवसभर उसंत नसे.

माझ्यावर काम करणाऱ्या संशोधक बाई मोजकंच बोलत. एकदा काचपट्ट्या धुणाऱ्या मावशींना त्या म्हणाल्या, "आईला नागीण झाली. फोड वाळले, पण कपाळाची आग काही जात नाही. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू साठ वर्षं मज्जातंतूत दडला होता. आई म्हणते, मीच तब्येतीची हेळसांड केली असणार."

आपली प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने अंगावर मांडते. शरीराच्या पहारेकरी पेशी ते तपासतात आणि परका तुकडा दिसला की त्या पेशीचा निकाल लावतात. हे नमुने पेशीबाहेर धरून दाखवणाऱ्या रेणूंवर बाई हिरवा रंग चढवत. निरोगी पेशी लख्ख उजळत. कांजिण्यांचा तो विषाणू शिरलेल्या मात्र काळोख्याच राहत.

"रंग बिघडलाय," विभागप्रमुख म्हणाले. "नाहीतर हे यंत्र तरी. किती दिवस घालवणार यात? आता बंद करा."

बाईंनी रंग तीनदा नव्याने केला. तीनदा तोच काळोख. मीही पाहून पाहून शिणलो होतो. मग चौथ्या खेपेला त्यांनी पेशींच्या आवरणाला बारीक छिद्रं पाडली आणि रंग आत मुरू दिला. मावशींनी माझी भिंगं पुसून दिली. बाई वाकल्या आणि कितीतरी वेळ हलल्याच नाहीत.

हिरवे ठिपके आत, एका कोपऱ्यात दाटीवाटीने अडकून पडले होते.

"काय दिसलं?" मावशींनी विचारलं.

"पेशी सांगायला निघाली होती, मावशी. या विषाणूनं तिचं तोंडच दाबून धरलंय. मग पहारेकऱ्यांना कळणार कसं?"

त्या दुपारीच बाई आईकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी मावशींना म्हणाल्या, "विषाणू कसा लपतो ते आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे माझी चूक नव्हती तर." कपाळाची आग मात्र तशीच राहिली.

पुढे नवं यंत्र आलं. बाई निवृत्त झाल्या, मावशीही गेल्या. मी खिडकीपाशी धूळ खात उभा आहे. तक्रार करायचंही आता त्राण नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची भिंगं मऊ कापडाने पुसत जा. आणि कुणी गप्प गप्प दिसलं, तर त्याला काही होत नसेल असं लगेच ठरवू नका. जरा थांबून विचारा.