तिऱ्हाइताचा डोळा

रत्नाला सोमनाथचं दुकान कधीच आवडलं नव्हतं. दिवाळीच्या दिवसांत तर त्याच्या पायरीवर पाय ठेवणं तिच्या जिवावर यायचं, पण इलाज नव्हता. विंझरच्या पुढं डोंगरात जेवढ्या वाड्या आहेत, तेवढ्यांनी मोबाईलवरून मागवलेलं सामान सोमनाथच्याच दुकानात येऊन पडतं. पार्सलवाला विंझरच्या पुढं यायला तयार नाही. ओढ्यापाशी डांबर संपतं, आणि तिथून वर चढणं त्याच्या बापजन्मी झालेलं नाही. म्हणून सोमनाथच पुढं झाला. ठेवा माझ्याकडं, आपलीच माणसं आहेत, म्हणाला.

जो माणूस स्वतः कापड, भांडी, बादल्या आणि बॅटऱ्या विकतो, तो दुसऱ्या दुकानाची पार्सलं फुकट का सांभाळतो, हा प्रश्न रत्नाला पडायला हवा होता. तिलाच काय, डोंगरातल्या कुणालाच पडला नाही. उलट सोमनाथशेठ किती भला, असं सगळे म्हणायचे. भलेपणाचं एक आहे, ते फुकट मिळालं की कुणी उलटून बघत नाही.

तिला हवा होता एक दिवा. दसऱ्यानंतर वाडीत वाघरू उतरायला लागलं होतं. आधी त्यानं कुत्रं नेलं, मग शेजारचं कोकरू नेलं. रत्नाच्या कुडाच्या वाडग्यात शेळ्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा गाभण, आणि त्यांच्यावरच तिचं घर चालत होतं. नवरा रोहिदास किकवीला हमरस्त्यावर टेम्पो चालवायचा आणि आठवड्याला घरी यायचा. वाडग्याच्या दाराशी घोंगडी टाकून म्हातारा सासरा, सावळा, एकटाच निजायचा. हातात काठी, आणि उजेड म्हणाल तर चांदण्यांचा.

दिवा शोधला तिच्या लेकीनं. स्वप्नाली भोरला कॉलेजात शिकत होती. सेल लागला म्हणून भुलणाऱ्यांतली ती नव्हती. आधी किंमत चढवायची आणि मग उतरवून दाखवायची ही लबाडी तिला ठाऊक होती, म्हणून तिनं सेलच्या आधीपासून त्या दिव्यावर नजर ठेवली होती. घेणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचलं, आणि त्यातही शिव्या घालणाऱ्यांचं आधी वाचलं. पैसे आगाऊ भरले नाहीत. तीन तोंडांचा दिवा, उन्हावर भरणारा, अंधारात समोर काही हललं की आपोआप पेटणारा. तिनं आईला फोनवर बजावलं, शेठच्या दुकानात उघडून बघ, अंधारात धर, पेटला तर पैसे देऊन घेऊन ये. दुसऱ्या कुणाला काही विचारू नकोस.

पण रत्नानं विचारलं. कारण तिला तसंच शिकवलेलं होतं.

वाडीतली माणसं जनावर घेताना तिऱ्हाइताचा डोळा घेतल्याशिवाय दावं हातात धरत नाहीत. भोरच्या बाजारात शेळी कितीही मनात भरली, तरी विकणाऱ्याचं ऐकायचं नाही आणि स्वतःच्या मनाचंही ऐकायचं नाही. विकणाऱ्याला पैशाचा लोभ असतो, घेणाऱ्याला जनावराचा. म्हणून ज्याचं घेणं नाही आणि देणं नाही, असा तिसरा माणूस बोलवायचा. तो दात बघतो, कास दाबतो, चालवून बघतो आणि एकच शब्द बोलतो. तो शब्द शेवटचा. सावळानं उभ्या जन्मात असा शब्द कधी मोडला नव्हता.

तर रत्नानं हिशेब मांडला तो असा. विकणारी कंपनी, घेणारी आपली पोरगी, आणि तिसरा सोमनाथ. तिनं दिवा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, बघून सांगा.

सोमनाथनं दिवा हातात घेतला, फिरवला, नखानं टकटक वाजवला. मग चेहरा असा केला की जणू घरातलंच कुणी आजारी आहे.

"वैनी, हे खेळणं हाय," तो म्हणाला. "तुमच्या वर डोंगरात धुकं. ह्याला ऊन कुठनं मिळायचं? चार दिसांत बंद पडंल. वाघरापुढं खेळणं घिऊन बसणार का?"

दिवा तिनं घरून निघतानाच मनानं वाडग्याला टांगला होता. पण तिऱ्हाइतानं शब्द टाकला होता. सोमनाथनं मग मागच्या फळीवरून एक बॅटरी काढली, विजेवर चार्ज होणारी, दणकट दिसणारी. ही घ्या, म्हणाला, आणि ते पार्सल परत पाठवायचं मी बघतो. तुम्ही काळजी करू नका. रत्नानं बॅटरी घेतली, आणि वर त्याचे आभारही मानले.

रात्री फोनवर स्वप्नाली तिच्यावर उखडली. तो माणूस स्वतः बॅटऱ्या विकतो, आई, आणि तू त्यालाच विचारलंस? रत्नाही काही कमी नव्हती. चार बुकं शिकलीस म्हणून माणसं ओळखायला शिकलीस का, असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. दोघी मग बोलल्याच नाहीत.

धनत्रयोदशीच्या दिवशी वादळी पाऊस झाला आणि वाडीची वीज गेली. ती दोन दिवस आलीच नाही. दुसऱ्या रात्री बॅटरी मेली, आणि त्याच रात्री वाघरू वाडग्यात उतरलं. सावळा ओरडत राहिला, काठी आपटत राहिला, पण कुठं मारावं ते त्याला दिसत नव्हतं. सकाळी दोन गाभण शेळ्या वाडग्यात मरून पडल्या होत्या आणि तिसरी नेली होती. म्हाताऱ्याच्या हाताला कुडाचं लाकूड लागून कातडं सोललं होतं. वनखात्याचा माणूस आला, पंचनामा करून गेला. दिवाळीला म्हणून त्या सकाळीच घरी पोचलेल्या रोहिदासनं मेलेल्या शेळ्या पुरल्या.

सावळा उंबऱ्यावर बसून होता. त्यानं सुनेला शिवी दिली नाही, दोष दिला नाही. एवढंच विचारलं, तो दिवा नको म्हणून कोण बोललं?

"सोमनाथशेठ," रत्ना म्हणाली. "तिऱ्हाईत म्हून इचारलं, मामंजी."

"त्याचं सोत्ताचं जनावर बाजारात उभं व्हतं का?"

रत्नाला कळायला वेळ लागला. मग तिला सोमनाथची मागची फळी आठवली, त्या फळीवरची बॅटऱ्यांची रांग आठवली.

"व्हतं," ती म्हणाली.

"मग तो तिऱ्हाईत कसला, पोरी?"

रत्नाला रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. कुंपणच शेत खातं हे लहानपणापासून ऐकत आलेली बाई, आणि कुंपण हसून बोललं की त्यालाच राखणीला बसवते. मग तिनं डोक्याला पदर बांधला आणि डोंगर उतरायला लागली. रोहिदास मागून हाका मारत राहिला. तिनं वळून पाहिलं नाही.

लक्ष्मीपूजनाचा दिवस. दुकानात ही गर्दी. वाड्यावाड्यांतली माणसं पार्सलं घ्यायला आलेली, आणि सोमनाथ एकेकाचं पार्सल उघडून तोच आजारी चेहरा करत होता. हे कापड एका धुण्यात विटेल. ह्या कुकरची शिट्टी उडेल. माणसं माना हलवून पार्सल बाजूला सारत होती आणि त्याच्याच फळीवरचं घेत होती. रत्नानं हे बघितलं, आणि भांडायला उघडलेलं तोंड मिटलं. घशाला कोरड पडली होती. ती आधी दुकानाच्या मागं, माठाकडं गेली.

मागच्या बोळात पत्र्याखाली भरदुपारी अंधार असतो. तिथं सोमनाथचं गोदाम आहे. रत्नानं पाऊल टाकलं आणि डोक्यावर लख्ख उजेड पडला. तीन तोंडांचा दिवा. वायर वर पत्र्यावर, ऊन घेणाऱ्या काळ्या पाटीला गेलेली. खाली केराच्या टोपलीशेजारी खोकं पडलं होतं, आणि त्याच्यावर स्वप्नालीचं नाव होतं.

ती थोडा वेळ त्या उजेडात उभी राहिली. उजेड चांगला होता, बोळाच्या टोकापर्यंत पोचत होता. एवढ्या उजेडात तिच्या सासऱ्याला वाघरू दिसलं असतं. पाणी न पिताच तिनं खोकं उचललं आणि पुढं येऊन सोमनाथच्या गल्ल्यासमोर ठेवलं.

सोमनाथचा चेहरा पहिल्यांदाच खरा आजारी झाला. पण दुकानदार तो दुकानदारच. हसला. म्हणाला, पार्सलवाला परत नेत नव्हता, वाया जाईल म्हणून मी पैसे भरून ठेवून घेतला.

"तुमी चार दिसांत बंद पडंल म्हणाला व्हता," रत्ना म्हणाली. "पडला का?"

सोमनाथ गल्ल्याबाहेर आला, आवाज खाली केला. वैनी, घेऊन जा दिवा, एक पैसा देऊ नका, वर पोराला साडी देतो, म्हणजे पोरीला, असं काहीबाही तो बोलत सुटला. रत्नानं आवाज खाली केला नाही. काल रात्री वाडग्यात काय झालं ते तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. न रडता, शिव्या न देता, बाजारात जनावराचं वय सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "जनावर वाईट म्हणून सांगायचं आन मागनं सोत्ताच घ्याचं, असं कुणी केलं तर आमच्यात काय करत्यात, शेठ? त्यानं ते जनावर हाकत आणायचं आन ज्याचं त्याच्या दावणीला आपल्या हातानं बांधायचं. दिसाउजेडी, सगळ्यांदेखत. चला."

आज लक्ष्मीपूजन आहे, सोमनाथ म्हणाला. उद्या येतो. माणूस पाठवतो.

गर्दीत वरच्या वाडीची साळूबाई होती. तिनं नुकतीच त्याच्याकडची साडी घेतली होती, कारण मागवलेली साडी त्यानं नासकी ठरवली होती. तिनं घडी गल्ल्यावर ठेवली, आपलं सारलेलं पार्सल ओढून घेतलं, आणि म्हणाली, "रीत हाय ती. जा तुमी." तिच्यामागून आणखी एकानं कुकर परत ठेवला. मग नुसते वस्तू ठेवल्याचे आवाज येत राहिले. सोमनाथनं गल्ल्याकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. डोंगरातलं गिऱ्हाइक तुटलं तर दुकान राहत नाही, एवढा हिशेब त्याला चटकन जमला. त्यानं दिवा उतरवायला शिडी मागवली.

ओढ्यापर्यंत तो मोटारसायकलवर गेला, रत्ना येईतो थांबला, तिथून पुढं पायी. नवा शर्ट, खांद्यावर दिवा, काखेत काळी पाटी, हातात वायरीचं वेटोळं. पुढं रत्ना. ती कुठं थांबली नाही, त्याचा दम लागलेला ऐकून तर मुळीच नाही. वाडीत पोचेतो ऊन डोंगराआड गेलं होतं. माणसं दारांत उभी होती. वाडीत आलेल्या वैऱ्यालाही आधी तांब्याभर पाणी मिळतं. सोमनाथला कुणी पाणी विचारलं नाही.

त्यानं वाडग्याच्या उभ्या मेढीला दिवा बांधला. काळी पाटी छपरावर ठोकली. खिळा दोनदा वाकला. खाली उतरून तो बाजूला सरला आणि दिवा पेटला. उरलेल्या शेळ्या सोमनाथला बघून पलीकडच्या कुडाला एकमेकींत घुसल्या. सावळानं हाताचं फडकं सारखं करत विचारलं, बांधला? सोमनाथ म्हणाला, बांधला. तेवढंच.

आता अंधार पडत होता. सोमनाथनं खालच्या वाटेकडं बघितलं. ती करवंदीच्या जाळ्यांतून जाते, आणि वाघरूही त्याच वाटेनं येतं हे त्याला वाडीतल्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्यानं मोबाईलचा उजेड लावला. तो त्याच्या पायापुरताही पुरेना.

"रोहिदास," तो म्हणाला, "वढ्यापत्तूर सोबत ये की."

रोहिदास मऊ मनाचा माणूस. त्यानं कुऱ्हाडीकडं हात नेला. रत्नानं नवऱ्याकडं बघितलं.

"बसा तुमी," ती म्हणाली. मग सोमनाथला म्हणाली, "ह्यो म्हातारा हितं रोज एकला निजतो, शेठ. तुमाला एकच रात एकलं जायाचंय."

सोमनाथनं एकेका दाराकडं बघितलं. कुणी उंबरा ओलांडला नाही. तो निघाला. जाळीपर्यंत पोचल्यावर तो मोठमोठ्यानं खाकरायला लागला, मग उगाच कुणाशी तरी बोलल्यासारखं बोलायला लागला, आणि मग त्याची पावलं धावल्यासारखी वाजू लागली.

रत्ना वाडग्याशी उभी राहून ऐकत होती. आता आपल्याला दया येईल, असं तिला वाटत होतं. लहानपणापासून जी शिकवण मिळाली होती, तिच्याप्रमाणं यायला हवी होती. बराच वेळ तिनं वाट बघितली, पण आली नाही. खाकरणं ओढ्याकडं उतरत उतरत बारीक झालं, तेव्हा तिनं म्हाताऱ्याची घोंगडी झटकली आणि दाराशी अंथरली.